तुला कसं माहीत?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझा पहिला प्रोग्रेस सेमिनार झाला. वीस मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं प्रश्न. मी ३८ स्लाइड्स केल्या होत्या. बाराव्या स्लाइडवर पंपाच्या आत पाणी कसं वाहतं त्याचं रंगीत चित्र होतं. निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग, आणि एका कोपऱ्यात पाणी भिंत सोडून स्वतःभोवतीच गरगरतंय. ते चित्र माझं इतकं लाडकं होतं की महिनाभर व्हॉट्सॲपचा डीपी तोच होता.

समितीतल्या एका सरांनी मला नेमकं त्या चित्रावर थांबवलं.

“इथं प्रवाह भिंतीपासून सुटतो, असं तू म्हणतेस. तुला कसं माहीत?”

“सॉफ्टवेअरमध्ये तसं दिसतंय, सर.”

“आणि सॉफ्टवेअरला कसं माहीत?”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. उरलेल्या २६ स्लाइड्स मी कशा संपवल्या ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवरून बाबांना फोन केला आणि सांगितलं, सेमिनार मस्त झाला. बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतात. पंपांच्या बॉड्या आणि शाफ्ट त्यांच्या हातून गेले ते किती, त्यांनाही मोजता यायचे नाहीत.

“काय इचारलं का कुणी?” त्यांनी विचारलं.

“नाही, कुणी काही नाही विचारलं.”

तेव्हा मला खरंच वाटायचं की कुणी काही न विचारणं म्हणजेच चांगलं होणं. ही समजूत मोडायला मला तीन वर्षं लागली आणि मधे बराच इतिहास वाचावा लागला.

त्याची सुरुवात दुसऱ्याच दिवशी झाली. गाईडनी बोलावलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एक पीडीएफ पाठवली. मूळ जर्मन लेख, आठ पानांचा, सोबत जुनं इंग्रजी भाषांतर. “हे दहा मिनिटांचं भाषण होतं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाराव्या स्लाइडचे हे खापरपणजोबा. वाच.”

दहा मिनिटं, आठ पानं

ऑगस्ट १९०४. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये देशोदेशीचे गणितज्ञ जमले होते. त्यांची ती तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद. तिथं २९ वर्षांचा एक इंजिनिअर बोलायला उभा राहिला. त्याचं नाव लुडविग प्रांटल.

त्याच्या आधी दीडशे वर्षं एक प्रश्न सगळ्यांना लाजवत होता. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यानं १७५२ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की घर्षण नसलेल्या द्रवाचं गणित केलं, तर त्यात धरलेल्या वस्तूवर प्रवाहाचा जोर शून्य येतो. म्हणजे पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या पुलाच्या खांबावर काहीच जोर नाही! ज्यानं कधी ओढा ओलांडलाय त्याला हे सांगून बघा. गणितात चूक नव्हती, उत्तर मात्र हास्यास्पद होतं. पाण्याचं आणि हवेचं घर्षण इतकं कमी असतं की ते सोडून द्यायचा मोह होतो. आणि सोडून दिलं की असं उत्तर येतं. मग गणितज्ञ आपलं देखणं गणित करत राहिले, आणि पंप-पाइपवाले इंजिनिअर अनुभवाचे आकडे वहीत उतरवत राहिले. दोघांची फारशी बोलाचाल नव्हती.

प्रांटल मात्र दोन्हीकडचा होता. न्युरेंबर्गच्या एका यंत्र कारखान्यात त्यानं नोकरी केली होती. तिथं लाकडाच्या ढलप्या ओढून नेणारी पाइपांची यंत्रणा सुधारायचं काम त्याच्याकडे आलं. पाइप हळूहळू रुंद होत गेला की हवेचा वेग कमी होतो आणि दाब परत मिळतो, असं शास्त्र सांगायचं. तो काही पुरता मिळेना. हवा पाइपाची भिंतच सोडून देत होती. का सोडते, हे कुणी सांगू शकत नव्हतं. १९०१ मध्ये तो हॅनोव्हरला प्राध्यापक झाला, तेव्हा हा प्रश्न सामानासोबत घेऊन गेला.

त्याचं उत्तर तुमच्या घरात छताला टांगलेलं आहे. पंखा बंद करा आणि पात्यावरून बोट फिरवा. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या पात्यावर धूळ साचतेच कशी? उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी टेकलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते. तिथल्या बारीक धुळीच्या दृष्टीनं वारा जवळपास नसतोच.

प्रांटलनं सांगितलं ते असं. भिंतीला टेकलेला द्रव भिंतीला चिकटलेला असतो, आणि थोडंसं दूर गेलं की तो पूर्ण वेगानं वाहत असतो. घर्षणाचा सगळा खेळ या दोहोंमधल्या पातळ थरात चालतो. बाहेर गणितज्ञांचं बिनघर्षणाचं गणित बिनधास्त वापरा. थराच्या आत मात्र घर्षण विसरू नका. आता या थरातला द्रव भिंतीशी घासून घासून दमलेला असतो. पुढे दाब वाढत गेला तर त्याच्या दृष्टीनं तो चढ असतो. दमलेला सायकलवाला अर्ध्या चढावर थांबतो, मग मागं घसरायला लागतो, तसंच इथं होतं. मागं घसरणारा हा द्रव मागून येणाऱ्याला भिंतीपासून दूर ढकलतो. हेच ते प्रवाहाचं ‘सुटणं’. विमानाचं पंख ‘स्टॉल’ होणं, पंपाची ताकद वाया जाणं, ही सगळी त्याचीच रूपं.

पण त्या आठ पानांत मला सगळ्यात जास्त हलवलं ते फोटोंनी. प्रांटलनं पाण्याचा एक छोटा वाहता हौद बनवून घेतला होता. त्यातलं चाक हातानं फिरवायचं. पाण्यात अभ्रकासारखे चमकणारे कण सोडायचे. ते कण जसे वळले, अडले, गरगरले, तसे फोटोत उतरले. ‘तुला कसं माहीत?’ असं त्याला कुणी विचारलं असतं, तर त्याच्याकडे बोट दाखवायला जागा होती. माझ्याकडे नव्हती.

सभागृहात फार मोठी खळबळ उडाली नाही. पण फेलिक्स क्लाइन या बड्या गणितज्ञाला त्या दहा मिनिटांचं मोल कळलं, आणि त्याच वर्षी प्रांटल ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात गेला. हवेच्या आणि पाण्याच्या शास्त्राला पुढे तिथं राजधानीच मिळाली.

दुसऱ्याच्या दारातली पदवी

प्रांटलचं चरित्र चाळताना एका जागी मी अडखळले. तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात शिकलेला. प्रबंधाचं काम तिथल्याच प्राध्यापक ऑगस्ट फॉपल यांच्याकडे केलेलं. विषय पक्का इंजिनिअरिंगचा. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून तिच्या टोकावर भार टाकत गेलं, तर ती खाली वाकण्याआधीच एका क्षणी बाजूला पिळवटून पडते, ती कधी आणि का. तरी १९०० च्या जानेवारीत डॉक्टरेट मिळाली ती म्युनिक विद्यापीठाची, म्हणजे गावातल्या दुसऱ्याच संस्थेची.

कारण साधं होतं. म्युनिकच्या तंत्रविद्यालयाला डॉक्टरेट द्यायचा अधिकारच नव्हता.

हे समजायला आणखी मागं जावं लागतं. डॉक्टरेटची परीक्षा हा मुळात मध्ययुगीन विद्यापीठांतला तोंडी वाद. पॅरिस, बोलोन्या इथं जो शिकवू पाहतो त्यानं आधी जाहीर सभेत एखादं विधान मांडायचं, विरोधकांनी त्यावर आक्षेप घ्यायचे, आणि त्यानं ते परतवून लावायचे. सगळं लॅटिनमध्ये. ‘डिफेन्स’ हा शब्द आपण आज सहज वापरतो, तो या आखाड्यातला आहे.

पुढे या आखाड्याची गंमतच झाली. अठराव्या शतकापर्यंत युरोपात कित्येक ठिकाणी प्रबंध लिहायचा गुरूनं आणि उभं राहून लढायचं शिष्यानं, अशी पद्धत होती. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याच्या हाताखाली १८६ प्रबंधांचा बचाव झाला. त्यातला बहुतेक मजकूर खुद्द लिनियसचा होता. त्याची स्वतःची डॉक्टरेट तर आणखी मजेशीर. १७३५ मध्ये तो हॉलंडमधल्या हार्डरवाइकला गेला, आणि दोन आठवड्यांच्या आत डॉक्टर होऊन बाहेर पडला. तेव्हा ‘पूर्वी सगळं कडक आणि पवित्र होतं’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांनी हळूहळू नवा नियम रुजवला. प्रबंध विद्यार्थ्याचाच हवा, आणि त्यात काहीतरी नवीन हवं.

या सगळ्यात इंजिनिअर कुठेच नव्हता. रेल्वे, पूल, बोगदे, वीज, सगळं तो उभं करत होता. पण विद्यापीठांच्या लेखी तो हात काळे करणारा माणूस. त्याची शाळा वेगळी. अमेरिकेत येल विद्यापीठानं १८६३ मध्येच विलर्ड गिब्ज याला दात्यांच्या चाकांच्या दातांचा आकार कसा असावा यावरच्या प्रबंधाबद्दल पीएच.डी. दिली होती. जर्मनीतल्या तंत्रविद्यालयांना मात्र वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

शेवटी ११ ऑक्टोबर १८९९ रोजी सम्राट दुसरा विल्हेल्म यानं प्रशियातल्या तंत्रविद्यालयांना डॉक्टरेट द्यायचा हक्क दिला. बर्लिनच्या तंत्रविद्यालयाचा शताब्दी सोहळा तोंडावर होता. पण विद्यापीठांची समजूत काढायला फर्मानात एक मेख होती. ही पदवी जुन्या लॅटिन डॉक्टरांसारखी लिहायची नाही. तिचं नाव ‘डॉक्टर-इंजिनिअर’, मधे आडवी रेघ, आणि संक्षेप लिहायचा तो जर्मन लिपीत, म्हणजे त्या टोकदार गॉथिक अक्षरांत. प्रबंधही जर्मनमध्येच हवा. लांबून पाटी बघितली तरी कळलं पाहिजे, की हा खरा डॉक्टर नव्हे, तो दुसरा.

मी मराठी माध्यमातून आलेली. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर आम्हाला ‘व्हर्नॅक’ म्हणायचे. ती आडवी रेघ मला लगेच ओळखीची वाटली.

आणि झालं असं, की ती रेघ पुढे मिरवायची गोष्ट झाली. आजही जर्मन इंजिनिअर नावाआधी ती पदवी मधल्या रेघेसकट लिहितात. म्युनिकच्या तंत्रविद्यालयाला हक्क मिळाला १९०१ मध्ये, प्रांटलला एक वर्ष उशीर करून. हॉलंडच्या डेल्फ्टला १९०५ मध्ये. झुरिकच्या तंत्रसंस्थेला तर १९०९ मध्ये. तिथून पदविका घेतलेल्या आइनस्टाइननं १९०५ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती म्हणूनच झुरिक विद्यापीठाची.

खिळा, काठी आणि तलवार

हक्क मिळाल्यावर इंजिनिअरांनी काय केलं? ज्या लॅटिन थाटामाटानं त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, तोच थाट त्यांनी हौसेनं घरी आणला.

डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात आजही झगे घातलेली समिती समोर बसते. उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना त्याचे दोन सखे उभे असतात, लग्नातल्या करवल्यांसारखे. प्रबंधाला जोडून स्वतंत्र विधानांची एक यादी द्यायची असते, आणि त्यातली काही विषयाबाहेरची चालतात. तिथं पोरं चावट विनोदही करून घेतात. ठरलेली वेळ संपली की दंडधारी बाई किंवा बुवा आत येतात, काठी आपटतात आणि लॅटिनमध्ये म्हणतात, “होरा एस्त”, वेळ झाली. उमेदवार वाक्याच्या मधोमध असला तरी त्याला थांबायची मुभा. माझ्या सेमिनारात अशी काठी कुणी आपटली असती तर मी त्यांच्या पाया पडले असते!

स्वीडनमध्ये बचावाच्या काही आठवडे आधी प्रबंधाची प्रत खिळ्यानं फळ्यावर ठोकतात. अर्थ असा, की आता हा मजकूर सगळ्यांचा. वाचा आणि चुका काढायला या. फिनलंडमध्ये डॉक्टरला टोपी आणि तलवार मिळते. पण मला आवडते ती तिथली त्याच दिवशी संध्याकाळची मेजवानी. यजमान नवा डॉक्टर, आणि पंगतीचा मुख्य पाहुणा कोण? दिवसभर त्याच्यावर आक्षेप घेणारा ‘विरोधक’. ज्यानं तुमचं काम शब्द न् शब्द वाचून त्यातली भोकं शोधली, त्याला मानाचं पान.

आपल्याकडे प्रश्न विचारणारा म्हणजे खुन्नस काढणारा. हा फरक मला त्या पंगतीवरून पहिल्यांदा नीट कळला.

थरथरणारं पाणी

ग्यॉटिंगेनमधला एक किस्सा थिओडोर फॉन कार्मान यांनी पुढे सांगून ठेवलाय. कार्ल हिमेंट्झ नावाचा प्रांटलचा एक विद्यार्थी होता. त्याला काम दिलं होतं ते साधं. वाहत्या पाण्यात गोल दांडा उभा करायचा आणि दांड्याभोवतीचा दाब मोजायचा. पण पाणी काही स्थिर राहीना. दांड्यामागं ते डावीकडे-उजवीकडे हेलकावे खायचं. प्रांटलनं सांगितलं, दांडा नीट गोल नसेल. हिमेंट्झनं तो घासून, मोजून, अगदी गोल करून आणला. पाणी हेलकावतच राहिलं. मग हौदाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील. त्याही सारख्या केल्या. तरी तेच. कार्मान तेव्हा तिथं तरुण शिक्षक होते. ते रोज सकाळी प्रयोगशाळेत डोकावून विचारायचे, आज तरी स्थिर झालं का? आणि हिमेंट्झ बिचारा खिन्नपणे नाही म्हणायचा.

शेवटी कार्मानच्या डोक्यात आलं, की पाणी रोजच हेलकावतंय तर ती चूक नसून तोच नियम असेल. त्यांनी बसून गणित केलं. दांड्यामागं भोवरे एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं सुटतात आणि त्यांची एक ठरलेली रांग होते. आज तिला कार्मान यांचंच नाव आहे. वाऱ्यात तारा गुणगुणतात त्या यामुळे. काही उंच लोखंडी धुराड्यांच्या माथ्याला गुंडाळलेली सर्पिल पट्टी दिसते, ती हे भोवरे मोडायला.

हिमेंट्झचा प्रबंध १९११ चा. त्याच्या नावाचा उल्लेख आता दुसऱ्याच एका गणितासाठी होतो, भोवऱ्यांसाठी नाही. पण मला तो जवळचा वाटतो. ‘तुझा दांडाच वाकडा असेल’ हे ऐकून तो रडत बसला नाही. दांडा पुन्हा मोजून घेऊन आला. त्यानं शंकेच्या सगळ्या वाटा बंद करत नेल्या, म्हणून तर शेवटी पाण्यावर विश्वास ठेवावा लागला.

ज्यांना प्रश्नच विचारले नाहीत

प्रश्नाची भीती वाटणाऱ्या मला एक गोष्ट मॅडमनी सांगितली. ती इंजिनिअरिंगची नाही, पण या लेखात तिला जागा हवीच.

इंगेबोर्ग रापोपोर्ट या हॅम्बुर्गमधल्या तरुण डॉक्टर. १९३८ मध्ये त्यांनी घटसर्पावरचा प्रबंध पूर्ण केला. प्राध्यापकांना काम पसंत होतं. पण त्यांची आई ज्यू, म्हणून नाझी कायद्यानं त्यांना तोंडी परीक्षेला बसूच दिलं नाही. त्या अमेरिकेला गेल्या, तिथं पुन्हा वैद्यकीय पदवी घेतली, पुढे पूर्व बर्लिनमध्ये नवजात बालकांच्या नामवंत डॉक्टर झाल्या. २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या विद्यापीठानं ती राहिलेली परीक्षा घ्यायचं ठरवलं. पदवी नुसती सन्मान म्हणून देता आली असती. पण प्राध्यापक त्यांच्या घरी गेले, समोर बसले आणि पाऊण तास प्रश्न विचारले. तयारी म्हणून घटसर्पाविषयी मधल्या ७७ वर्षांत काय काय कळलं ते रापोपोर्ट यांनी मित्रमैत्रिणींकडून समजून घेतलं होतं, कारण नजर साथ देत नव्हती. त्या पास झाल्या. वय १०२.

परीक्षा न घेता डॉक्टर केलं असतं तर ती दया झाली असती. प्रश्न विचारले, म्हणून तो न्याय झाला.

त्याच काळोख्या दशकात ग्यॉटिंगेनमधून मॅक्स बोर्न, रिचर्ड कुरांट, एमी नोएदर यांच्यासारखी माणसं घालवून दिली गेली. प्रांटल राहिले, त्यांच्या संस्थेला तर विमानदलाच्या पैशानं बरकत आली. आणि याच ग्यॉटिंगेनमध्ये, प्रांटलच्या हाताखाली, १९३६ मध्ये एका मराठी माणसानं डॉक्टरेट मिळवली. ते म्हणजे विष्णु माधव घाटगे, आमच्या कोल्हापूरकडचे.

हे वाचलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता लॅबमध्ये एकटीच मोठ्यानं “काय सांगता!” म्हणाले.

घाटगे परत आले. बंगळुरूच्या विमान कारखान्यात दाखल झाले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तिथं सुरुवातीला शिकवणाऱ्यांत ते होते. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतात आरेखन होऊन भारतात बनलेलं ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान १९५१ मध्ये उडालं. त्याच वर्षी सतीश धवन अमेरिकेतल्या कॅलटेकमधून डॉक्टरेट घेऊन बंगळुरूला आले. त्यांनी मोजलं होतं ते हवेचं पृष्ठभागावरचं घर्षण, म्हणजे प्रांटलच्या पातळ थरातलंच. आणि कॅलटेकची ती विमानशाळा घडवली होती कार्मान यांनी. हायडेलबर्गमधली दहा मिनिटं अशी वळणं घेत आपल्या दारात आली.

हुकूम आणि प्रश्न

घाटग्यांना ग्यॉटिंगेनला का जावं लागलं? पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण १८५४ पासून होतं. विश्वेश्वरय्या तिथलेच. पण तो वर्ग इंग्रज सरकारनं काढला होता तो बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवायला. हाताखालच्या माणसानं नकाशा वाचायचा, मोजमाप अचूक घ्यायचं, हुकूम पाळायचा. नकाशा असाच का, हे विचारणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

मला वाटतं, ती सवय अजून आपल्या भिंतींना चिकटलेली आहे, प्रांटलच्या पाण्यासारखी. संशोधन विद्यार्थी म्हणून मी बरेच डिफेन्स पाहिले. एकात तर उमेदवाराचा आदला आठवडा एक्स्टर्नल सरांची गाडी, गेस्ट हाऊस, शाल आणि पुष्पगुच्छ यांतच गेला. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत सगळं आटोपलं. एकच प्रश्न आला, ‘फ्युचर स्कोप काय?’ मग टाळ्या, मग समोसे. पाच वर्षं एक मुलगा त्या कामाशी झुंजला, आणि कुणी त्याला खरं काही विचारलंच नाही. त्या दिवशी समोसा घशाखाली उतरला नाही. पहिल्या सेमिनारला मला आडवं घेणाऱ्या सरांचा राग मी त्याच दिवशी सोडला. त्यांनी निदान माझी बारावी स्लाइड नीट बघितली होती.

ओपन डिफेन्स

पुढची दोन वर्षं मी सॉफ्टवेअरबाहेर काढली. पंपाच्या बॉडीला पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी बसवली. ती चार वेळा गळली. पाण्यात चमकणारे कण सोडले, कॅमेरा लावला. प्रवाह सुटत होता, पण माझ्या डीपीतल्या जागेच्या बराच आधी. म्हणजे ते लाडकं चित्र चुकीचं होतं.

डिफेन्सला आई-बाबा कोल्हापूरहून आले. ओपन डिफेन्सला कुणीही येऊन बसू शकतं, हे मी त्यांना फोनवर तीनदा सांगितलं होतं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते शेवटच्या रांगेत बसले. सगळं इंग्रजीत. त्यांना शब्द कळत नव्हते, पण पंपाचे फोटो आले की ते पुढे झुकायचे.

बाराव्या स्लाइडवर या वेळी दोन चित्रं होती, सॉफ्टवेअरचं आणि कॅमेऱ्याचं, शेजारी शेजारी, न जुळणारी. त्याच सरांनी पुन्हा हात वर केला. प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता. एक्स्टर्नल मॅडम तर तासभर विचारत होत्या. एका प्रश्नाला मी म्हणाले, “मला माहीत नाही. पण शोधायचं झालं तर असं शोधता येईल.” त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्षांनी शेवटी रिवाजाप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय? शांतता. मग टाळ्या, मग समोसे. या वेळी मी दोन खाल्ले.

रात्रीच्या एसटीनं आम्ही गावी निघालो. आई झोपली. सातारा मागं पडल्यावर बाबांनी हळूच विचारलं, “त्या चित्रात पंप आतनं गुळगुळीत धरलाईस न्हवं?”

“हो. नवाच पंप होता.”

“माझ्याकडं येत्यात ते पंचगंगेवरचं. दोन वर्सं वाळू खाल्ली की आतनं पार खरबरीत हुत्यात. मग बी पाणी तिथंच सुटतंय, का दुसरीकडं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बंद केलं. १८० पानांत खरबरीत भिंतीबद्दल एक ओळ नव्हती. समितीनं विचारलं नव्हतं, एक्स्टर्नलनी विचारलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं.

“तुम्ही हे तिथंच का नाही विचारलंत?”

“इंग्रजीत हुतं समदं.”

“मला माहीत नाही, बाबा,” मी म्हणाले.

“मग बघ की,” ते म्हणाले, आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.